विश्लेषण : मॉर्फिन मागितल्यावर द्यायचे की वेळेवर? कर्करुग्णांच्या शुश्रूषेची रीत बदलणाऱ्या सिसिली सॉन्डर्स कोण होत्या?

कर्करोग हाताबाहेर गेलेला रुग्ण कळवळून औषध मागतो. नर्स डॉक्टरांना विचारते, औषधाच्या कपाटाची किल्ली मिळवते, वहीत नोंद करते, दुसऱ्या नर्सची सही घेते आणि मग इंजेक्शन भरते. ते अंगात भिनेपर्यंत रुग्णाने बराच वेळ सोसलेले असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या बहुतेक रुग्णालयांत हीच रीत होती आणि तीच योग्य समजली जात असे. वेदना परत येण्याआधीच पुढची मात्रा द्या, हा उलटा नियम ज्यांनी वैद्यकक्षेत्राच्या गळी उतरवला त्या डेम सिसिली सॉन्डर्स (१९१८-२००५) आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. कर्करुग्णाच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या नर्सला आज जे ठाऊक असावेच लागते, त्याचा मोठा भाग या एका आयुष्यातून आला आहे.

नर्सिंग का सुटले?

सिसिली सॉन्डर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेला बार्नेट येथे झाला. वडील जमीन-मालमत्तेच्या व्यवसायात, घरची परिस्थिती उत्तम. पण आईवडिलांचे आपसात पटत नसे. रोडीन या नामांकित निवासी शाळेत त्या फारशा रमल्या नाहीत. खूप उंच, थोड्या बुजऱ्या, पाठीचा कणा किंचित वाकलेला. वर्गात एकटे पडणे काय असते, हे त्यांना लवकर समजले. पुढे ऑक्सफर्डला राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकत असताना दुसरे महायुद्ध पेटले. १९४० मध्ये त्यांनी पदवी अर्धवट सोडली आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील नाइटिंगेल नर्सिंग स्कूलमध्ये दाखल झाल्या.

नर्सिंग हेच आपले काम, असे त्यांना मनापासून वाटत होते. पण रुग्ण उचलणे, कुशीवर वळवणे, तासन्‌तास उभे राहणे हे त्यांच्या पाठीला झेपेना. प्रशिक्षण पूर्ण होता होताच, १९४४ मध्ये, पाठदुखीमुळे वॉर्ड सोडावा लागला. मग ऑक्सफर्डला परतून त्यांनी पदवी आणि समाजसेवेचे शिक्षण पूर्ण केले आणि रुग्णालयातील समाजसेविका म्हणून १९४७ मध्ये सेंट थॉमसलाच रुजू झाल्या. रुग्णाच्या घरी कोण आहे, पैसे कुठून येतात, इथून सुटल्यावर तो कुठे जाणार, ही चौकशी आता त्यांच्याकडे आली. वॉर्डात नर्सला जे अर्धेच दिसते, त्याचा उरलेला अर्धा भाग त्यांना या नोकरीत दिसला.

५०० पौंड आणि एक खिडकी

तिथे त्यांना डेव्हिड टास्मा भेटले. वॉर्सॉहून आलेले पोलिश ज्यू, वय चाळिशीचे, हॉटेलात वेटरचे काम करणारे, जवळचे कोणी नसलेले. त्यांना मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग होता आणि शस्त्रक्रियेने बरा होण्याची अवस्था उलटून गेली होती. १९४८ च्या सुरुवातीला ते दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाले तेव्हा सॉन्डर्स त्यांना नियमाने भेटायला जाऊ लागल्या. गजबजलेल्या वॉर्डात खाटेशेजारी बसून दोघांनी बरेच बोलून घेतले. आपण आयुष्यात काहीच केले नाही, मागे काही खूण उरणार नाही, ही टास्मा यांची खंत शारीरिक दुखण्याइतकीच मोठी होती. अशा माणसांसाठी कुठे वेगळी जागा असती तर, हा विषय त्यांच्या बोलण्यात वारंवार येई.

एकदा सॉन्डर्स यांनी काही वाचून दाखवू का असे विचारले, तेव्हा टास्मा यांना ते नको होते; सॉन्डर्स यांच्या स्वतःच्या डोक्यात आणि मनात जे आहे तेवढेच त्यांना हवे होते. सॉन्डर्स यांनी याचा अर्थ पुढे आयुष्यभर असा लावला की, मरणाऱ्या माणसाला शास्त्र आणि जिव्हाळा दोन्ही लागते. नुसती माया असून औषधाचे ज्ञान नसेल तर रुग्ण तळमळत राहतो. नुसते ज्ञान असेल तर तो एकटा पडतो. २५ फेब्रुवारी १९४८ रोजी टास्मा वारले. त्यांनी सॉन्डर्स यांच्या नावे ५०० पौंड ठेवले होते. त्या जे घर उभारतील, त्यात आपली एक खिडकी असावी, अशी त्यांची इच्छा होती. घर प्रत्यक्षात यायला १९ वर्षे लागली.

या नात्यात प्रेमही होते, हे सॉन्डर्स यांनी लपवले नाही. आजच्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात रुग्णापासून व्यावसायिक अंतर राखण्याचा धडा असतो आणि तो असायलाच हवा. सॉन्डर्स यांनी ते अंतर एकदा नव्हे, दोनदा ओलांडले. १९६० मध्ये अंतोनी मिख्निएविच हे आणखी एक पोलिश रुग्ण त्यांच्या देखरेखीखाली वारले आणि त्या दुःखातून सावरायला त्यांना बराच काळ लागला. त्यांचे मोठेपण सांगताना हा भाग अनेकदा गोड करून सांगितला जातो. तो त्यांना महागात पडला होता.

सेंट ल्यूक्समध्ये त्यांनी काय पाहिले?

टास्मा गेल्यानंतर सॉन्डर्स संध्याकाळच्या वेळी बेझवॉटर भागातील सेंट ल्यूक्स या संस्थेत बिनपगारी काम करू लागल्या. बरे न होणाऱ्या गरीब रुग्णांसाठी १८९३ मध्ये स्थापन झालेली ही जुनी संस्था होती. तिथल्या सिस्टर एक गोष्ट वर्षानुवर्षे करत होत्या : कर्करुग्णांना दर चार तासांनी, रुग्णाने मागो वा न मागो, तोंडावाटे मॉर्फिन देणे. मात्रा लहान असे. रुग्ण गुंगीत पडलेले नसत. ते बोलत, वाचत, भेटायला आलेल्यांशी हसत.

मोठ्या रुग्णालयात सॉन्डर्स यांनी याच्या उलट पाहिले होते. तिथे रुग्णाला औषध जणू कमवावे लागे. व्यसन लागेल या भीतीने मात्रा लांबवली जाई. पण मॉर्फिनच्या साध्या गोळीचा किंवा पातळ औषधाचा परिणाम साधारण चार तास टिकतो. तो उतरल्यावर वेदना पुन्हा शिखराला जाते आणि शिखरावरून तिला खाली आणायला जास्त मात्रा लागते. मग रुग्ण गुंगतो, जाग आली की पुन्हा तेच. दोन इंजेक्शनांच्या मधला वेळ पुढच्या कळेच्या धास्तीत जातो, आणि धास्तीने दुखणे वाढते. सारखा घड्याळाकडे बघत औषध मागणारा असा रुग्ण व्यसनी झाल्यासारखा दिसतो. खरे तर त्याला तसे वागायला रुग्णालयाच्या पद्धतीनेच लावलेले असते. नियमित मात्रा दिली की मागणेच थांबते.

सेंट ल्यूक्सच्या सिस्टरना हे माहीत होते; वैद्यकीय नियतकालिकांना माहीत नव्हते. सॉन्डर्स ज्यांच्याकडे काम करत त्या नॉर्मन बॅरेट या शल्यविशारदाला त्यांनी सांगितले की, आपल्याला मरणासन्न रुग्णांसाठी रात्रपाळीची नर्स म्हणून परत जायचे आहे. बॅरेट यांचा सल्ला रोखठोक होता : आधी डॉक्टर व्हा, नाहीतर कोणी ऐकणार नाही, मरणाऱ्यांना वाऱ्यावर सोडतात ते डॉक्टरच. सल्ला बरोबर होता. पण नर्सना इतकी वर्षे माहीत असलेली गोष्ट मान्य व्हायला त्यांच्यातल्याच एकीला डॉक्टरकीची पदवी आणावी लागली, ही त्या काळच्या रुग्णालयांची लाजिरवाणी बाजू आहे. वयाच्या ३३ व्या वर्षी सॉन्डर्स यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

हजारांहून अधिक नोंदी

१९५८ पासून त्यांनी पूर्व लंडनच्या हॅकनी भागातील सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये संशोधन सुरू केले. आयरिश जोगिणी तिथे रुग्णांची अपार मायेने सेवा करत, पण औषधाच्या वेळा, मात्रा आणि परिणाम यांची शिस्तशीर नोंद नव्हती. सॉन्डर्स यांनी तक्ते सुरू केले, ठरलेल्या वेळी तोंडावाटे औषध देणे सुरू केले आणि रुग्णांचे बोलणे टेपवर घेतले. पुढच्या काही वर्षांत त्यांच्याकडे हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी जमल्या. त्यांतून दिसले की मात्रा नेमकी बसवली तर ती भरमसाट वाढवत न्यावी लागत नाही, रुग्ण शुद्धीवर राहतो आणि व्यसनाचा बाऊ करण्यासारखे काही घडत नाही.

हे निष्कर्ष सॉन्डर्स यांनी आधी कोणाला सांगितले, हे पाहण्यासारखे आहे. १९५९ मध्ये त्यांनी ‘नर्सिंग टाइम्स’ या साप्ताहिकात मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेवर सहा लेखांची मालिका लिहिली. रुग्णाला आजार सांगावा का, वेदना कशी आवरावी, घरी काय करावे, शेवटच्या दिवसांत काय होते, असे थेट वॉर्डातले प्रश्न त्यात होते. लेखांची पुस्तिका निघाली आणि ती भरपूर खपली. डॉक्टर होऊनही त्यांचा पहिला मोठा वाचकवर्ग नर्सचाच होता.

‘संपूर्ण वेदना’ म्हणजे काय?

सेंट जोसेफ्समधल्या एका बाईंना सॉन्डर्स यांनी दुखण्याबद्दल विचारले. बाईंनी पाठीपासून सुरुवात केली आणि मग सगळेच बिघडले आहे असे सांगितले. नवरा आणि मुलगा चांगले आहेत, पण आपल्यापायी त्यांना काम सोडून घरी थांबावे लागले असते आणि पैसा संपला असता; गोळ्या-इंजेक्शनांची मागणी करावी लागे; कोणी समजून घेत नाही असे वाटे. आणि आता इथे पुन्हा सुरक्षित वाटू लागले आहे, असेही त्या म्हणाल्या. एका साध्या प्रश्नाला मिळालेल्या या उत्तरात शरीर, मन, घरचा संसार आणि जगण्याचा अर्थ हे चारही धागे होते. यातून १९६० च्या दशकात सॉन्डर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली.

वॉर्डात या कल्पनेचा उपयोग अगदी रोकडा आहे. मॉर्फिनची मात्रा वाढवूनही रुग्ण तळमळत असेल, तर मात्रा आणखी वाढवण्याआधी नर्सने पाहायचे असते की त्याला नक्की काय टोचते आहे. रात्रीच दुखणे वाढते का? अमुक नातेवाईक येऊन गेल्यावर वाढते का? आजाराचे नाव त्याला अजून कोणी सांगितलेले नाही आणि तो अंदाज बांधत जागा राहतो, असे तर नाही? डॉक्टर राउंडला काही मिनिटे थांबतात. या प्रश्नांची उत्तरे स्पंज देताना, चादर बदलताना, रात्री पाणी देताना मिळतात.

आज नर्सला यातले काय माहीत असावे लागते?

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली : सौम्य दुखण्याला साधे वेदनाशामक, पुढे सौम्य अफूजन्य औषध आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन, शक्यतो तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे, रुग्णागणिक मात्रा ठरवून. सॉन्डर्स यांच्या तक्त्यांचे हे जागतिक रूप म्हणता येईल.

प्रत्यक्ष कामात त्याला बरीच जोड लागते. दुखणे शून्य ते दहा या मापावर रुग्णालाच विचारायचे आणि तापमानासारखे लिहून ठेवायचे. तो पडून असताना शांत दिसतो म्हणून दुखत नाही असे समजायचे नाही. कुशीवर वळवताना चेहरा पाहायचा. ठरलेल्या मात्रांच्या मध्ये कळ आलीच तर द्यायची जादा मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायची, म्हणजे मध्यरात्री कोणाला शोधावे लागत नाही. ती सहसा दिवसभरातल्या एकूण मॉर्फिनच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास असते. बारा तास चालणारी गोळी कधीही कुटून किंवा चावून द्यायची नाही, कारण सगळे औषध एकदम अंगात उतरते. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर मॉर्फिन शरीरात साचते. असा रुग्ण जास्त झोपाळू झाला, अंगाला झटके येऊ लागले किंवा श्वास मंदावला तर लगेच कळवायचे. आणि बरे वाटते म्हणून औषध एकाएकी बंद करायचे नाही.

मॉर्फिनने होणारी मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. म्हणून पहिल्या मात्रेबरोबरच पोट साफ होण्याचे औषध सुरू करायचे असते. हे राहून गेले की आठवड्याने रुग्ण पोट फुगून बेजार होतो, घरचे मॉर्फिनला दोष देतात आणि ते बंद होते. शौचाला झाली का, हा प्रश्न रोज न लाजता विचारणारी नर्स वेदनेवरचा उपचार टिकवून धरते.

बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटतात, रुग्णाला वाटत नाहीत. कोरडे पडलेले तोंड दर काही वेळाने ओले करणे, जिभेवरची बुरशी वेळीच ओळखणे. फुटलेल्या गाठीच्या जखमेची दुर्गंधी : डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोलचा वापर केला तर ती बरीच कमी होते आणि घरची माणसे पुन्हा जवळ बसू लागतात. धाप लागलेल्याला खिडकी उघडून, चेहऱ्यावर पंख्याची झुळूक देऊन, उशा रचून बसवणे.

सेंट ख्रिस्टोफर्स कसे वेगळे होते?

१९६७ च्या जुलैमध्ये दक्षिण लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झाले. खाटा ५४. मरणासन्नांची काळजी घेणाऱ्या संस्था आधीही होत्या. पण शुश्रूषा, संशोधन आणि प्रशिक्षण ही तिन्ही एका छपराखाली आणणारी ही जागा होती. म्हणूनच आधुनिक हॉस्पिस चळवळीची सुरुवात इथून मानली जाते. सरकारी आरोग्यसेवेचे काही साहाय्य घेऊनही सॉन्डर्स यांनी ती स्वतंत्र ठेवली. नातेवाइकांसाठी भेटीच्या वेळा सैल होत्या, लहान मुलांना मज्जाव नव्हता. सोमवारी मात्र भेटी बंद. आज गेलो नाही तर काय म्हणतील, ही टोचणी न लागता घरच्यांनाही एक दिवस विसावा मिळावा म्हणून. १९६९ पासून इथल्या नर्स रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या.

सॉन्डर्स स्वतःचे मत तपासून घ्यायला घाबरत नसत. त्यांचा कल मॉर्फिनपेक्षा डायमॉर्फिनकडे, म्हणजे वैद्यकीय हेरॉइनकडे होता. १९७१ मध्ये आलेले तरुण डॉक्टर रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी दोन्हींची रीतसर तुलना केली आणि तोंडावाटे दिल्यास रुग्णाच्या दृष्टीने फारसा फरक नाही असे दाखवले. सॉन्डर्स यांनी ते स्वीकारले. याचा फायदा साऱ्या जगाला झाला, कारण हेरॉइन औषध म्हणून फार थोड्या देशांत चालते. मॉर्फिन कुठेही बनवता येते.

अमेरिकेत ही कल्पना नेली तीही एका नर्सने. येल विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलच्या प्रमुख फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी १९६३ मध्ये सॉन्डर्स यांचे व्याख्यान ऐकले, पुढे पद सोडले, सेंट ख्रिस्टोफर्समध्ये येऊन काम पाहिले आणि कनेक्टिकटमध्ये हॉस्पिस उभे करण्यात पुढाकार घेतला.

भारतात काय झाले?

मुंबईत वांद्रे येथे टाटा मेमोरियल रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस जोस डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले. भारतातले हे पहिले हॉस्पिस. पुढे त्याच्या शाखा गोव्यात आणि दिल्लीत निघाल्या. केरळमध्ये कालिकतला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमन केंद्र उभे केले. तिथल्या डॉक्टरांना तोवर ऑक्सफर्डला गेलेल्या ट्वायक्रॉस यांचे मार्गदर्शन मिळाले. भारतात प्रशिक्षणासाठी फिरणाऱ्या जिली बर्न या ब्रिटिश नर्सचाही त्या सुरुवातीच्या काळात वाटा होता.

अडचण वेगळीच होती. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ मध्ये आला आणि मॉर्फिन ठेवायला रुग्णालयांना इतके परवाने लागू लागले की अनेकांनी ते ठेवणेच सोडले. अफूची कायदेशीर शेती करून औषधासाठी ती जगाला पुरवणाऱ्या या देशात कर्करुग्णाला मॉर्फिन मिळेना. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची पद्धत सोपी झाली. तरीही अनेक जिल्ह्यांत ते सहज मिळत नाही, आणि मॉर्फिन म्हणजे आता संपलेच, ही समजूत घराघरात, कधी कधी वॉर्डातही, टिकून आहे.

शेवटचा वॉर्ड

सॉन्डर्स यांनी १९८० मध्ये, साठी ओलांडल्यावर, मारियान बोहुश-शिश्को या पोलिश चित्रकाराशी लग्न केले. त्यांची चित्रे हॉस्पिसच्या भिंतींवर होती. १९९५ मध्ये ते तिथेच वारले. इच्छामरणाच्या कायद्याला सॉन्डर्स यांचा शेवटपर्यंत विरोध होता. वेदना आवरली आणि माणूस एकटा पडला नाही तर ती मागणी बहुतेकदा मावळते, असा त्यांचा अनुभव होता. हा मुद्दा सर्वांना पटलेला नाही आणि ब्रिटनमध्ये त्यावरचा वाद अजून चालू आहे. अचानक मरण्यापेक्षा कर्करोगाने मरणे आपल्याला आवडेल, निरोप घ्यायला वेळ मिळतो, असेही त्या सांगत.

तसेच झाले. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, सेंट ख्रिस्टोफर्समध्येच त्यांचे निधन झाले. त्याच इमारतीच्या प्रवेशद्वाराजवळ डेव्हिड टास्मा यांची खिडकी आहे : नक्षीकाम नसलेली, एक साधी मोठी काच.